पाऊणकी

पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड.
मास्तरांनी छडीनं घोटून घेतलेली पाऊणकी
मला पुढे खडकी बाजारात कामाला आली,
मुरुगेशअण्णांच्या पंक्चरच्या दुकानात,
जिथे टायरांच्या ढिगामागे एक वही होती
आणि तिला हात हवा होता.

"पाऊण सत्ते?" अण्णांनी विचारलं.
"सव्वापाच."
"उद्यापासून ये."

रविवारी रेंजहिल्स विरुद्ध बोपोडी.
गुरुवारी कारखान्याचा भोंगा झाला की भाव फुटायचा.
रेंजहिल्स अर्धा गोल देणार.
मला हसू आलं. अर्धा गोल मारलाय कुणी आजवर?
अण्णा हसले नाहीत.
"मारता येत नाही म्हणूनच ठेवायचा.
बरोबरी झाली तरी
कुणाच्या तरी अंगावर यायला हवी."

मला वाटायचं, कोण जिंकणार हे त्यांना कळतं.
छे. त्यांना एवढंच कळायचं
की कोण जिंकणार असं लोकांना वाटतं.
दहा लावा, नऊ घ्या,
या बाजूला जसं, त्या बाजूला तसं.
दोन्ही पारडी सारखी झाली
की हरलेल्याच्या दहातले नऊ जिंकलेल्याला जातात
आणि एक रुपया मध्येच उभा राहतो
रेफरीसारखा,
कुठल्याच संघाचा नसलेला.
तो आपला.

शुक्रवारी पगार झाला आणि सगळी खडकी रेंजहिल्सवर.
बँडवाले आले, भट्टीवाला आला,
बोपोडीचा एक जावई आला
सासऱ्यावरचा राग काढायला.
मी अर्धा खोडला, पाऊण लिहिला.
तरी रीघ थांबेना.
एकट्या भट्टीवाल्याचे पाच हजार.
"पूर्ण एक करू का?"
"राहू दे. हा गर्दीचा पैसा. गर्दी नुसता आवाज करते."
जास्तीचं वजन त्यांनी फोनवरून
रास्ता पेठेतल्या कुणाच्या तरी खांद्यावर उतरवलं,
आणि पुन्हा कानस घेऊन
रबर घासत बसले.

शनिवारी दुपारी दानिएल साळवे आला.
सायकल धड होती. दोन्ही चाकांत हवा.
पाचशे, बोपोडीवर.
नोटा ठेवल्या, वहीकडे न बघता गेला.

अण्णांनी हात पुसले.
"पाव कर."
"पाऊणवरून एकदम पाव? पाचशेसाठी?"
"रेंजहिल्सचा गोलकीपर कोण रे?"

एलियास. एलियास साळवे.
मी खोडरबर शोधू लागलो.

त्यांनी दानिएलला काहीच विचारलं नव्हतं,
भाऊ कसा आहे, एवढंसुद्धा नाही.

रविवारी एक-एक.
दुकानातून मैदान दिसायचं नाही.
भिंतीपलीकडून एकदा मोठा आवाज आला, एकदा बारीक,
त्यावरून आम्ही ओळखलं.
मैदानावर एकच सामना झाला, वहीत तीन.
अर्ध्यावर रेंजहिल्स घेतलेले बुडाले,
पाऊणवाले बुडाले,
पाववाल्यांचे निम्मे बुडाले, निम्मे हातात आले
आणि त्यांना कळेना, रडायचं की चहा घ्यायचा.
दानिएलला साडेचारशे.
तो स्वतः आला नाही, पोराला पाठवलं.

बुधवारी एलियास आला, सायकल ढकलत.
उजव्या हाताची दोन बोटं
एकमेकांना चिकटपट्टीनं बांधलेली.
"सरावात मोडलं. घरच्यांशिवाय कुणाला बोललो नव्हतो."
मग, हवा विचारावी तसं सहज,
"अण्णा, आमच्यावर भाव काय होता?"

मी वही मांडीखाली सारली.
अण्णांनी चाक उघडलं, ट्यूब काढली, हवा भरली,
घमेल्यातल्या काळ्या पाण्यात धरली
आणि बोटाबोटानं पुढे सरकवत राहिले.
आम्ही तिघंही वाकून
बुडबुड्याची वाट बघत होतो.